सोड्यांची तिसरी खेप

"पुन्हा नापास," दाजी म्हणाला आणि टोपी काढून वारा घेत बसला.

कमळाकरने हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. दाजी हा त्याचा मुंबईचा अडत्या. बातमी चांगली असली की नुसता निरोप धाडायचा. वाईट असली की स्वतः एस.टी.ने पनवेलला यायचा. तो दारात दिसला तेव्हाच कमळाकरने काय ते ओळखलं होतं.

"आता काय सापडलं तपासणीवाल्यांना?"

"तेच. तांदळाचे दाणे. शिवाय या वेळेला रंग. सोड्यांना वरून लाल रंग लावलाय म्हणतात."

कमळाकरने कपाळावर हात मारला.

वडिलांच्या काळापासून धंदा कसा सरळ होता. खाडीकाठच्या कोळणींकडून सोडे, म्हणजे सोललेली, वाळवलेली कोळंबी घ्यायची, पोती भरायची आणि कोलंबोला धाडायची. तिकडचे लोक चवीने खात होते, कुणाची तक्रार नव्हती. मग दोन सरकारांमध्ये कुठलासा करार झाला आणि सोड्यांना एकाएकी नियम फुटले. वाळवण जमिनीवर नको, माचावर हवं. ओल अमुकच हवी. वाळूचा कण नको. पोतं कोरं हवं, छाप सोडून त्याच्यावर कसला डाग नको. बाहेरचा जिन्नस तर औषधालाही नको. हे लिहिणाऱ्यांनी जन्मात कधी एक कोळंबी सोलली नसेल, याबद्दल कमळाकरला तिळमात्र शंका नव्हती.

तरी त्याने सगळं केलं. माच बांधले, तारेची जाळी आणली, धुवायला गोडं पाणी भरलं. पहिल्या खेपेत तांदूळ निघाले तेव्हा त्याने सोनाबाईच्या कोंबड्यांवर ठपका ठेवला होता. सोनाबाई त्याच्या वाळवणाची मुख्य कोळीण. कोंबड्यांना टाकलेले दाणे उडाले असणार, दुसरं काय? बिचारीने कोंबड्या लेकीकडे उरणला नेऊन सोडल्या. आणि आता पुन्हा तांदूळ!

"तिसऱ्यांदा नापास झालास तर तुझं नाव काढून टाकतील," दाजी म्हणाला. "मग बाहेर माल धाडणं कायमचं बंद."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. कोलंबोच्या नादाने कमळाकरने पुण्याची गिऱ्हाइकं केव्हाच सोडून दिली होती. ती आता परत येणार नव्हती.

दाजी गेला तसा तो तडक खाडीवर गेला.

"सोनाबाई, रंग कुठला लावलास?"

सोनाबाई खळ्यात माचावरची कोळंबी परतत होती. ती तशीच वाकून राहिली. "कसला रंग, शेट? सोड्याचा रंगच तो."

"आणि तांदूळ? तेही कोळंबीच्या पोटातून निघाले?"

"माज्या खल्यान तांदलाचा दाना नाय. कोंबऱ्या पन नाय. तुमीच काराय लावल्या."

"मग काय मी घातले?"

"त्या मला काय म्हाईत?" ती सरळ उभी राहिली. "माज्या सासूनं तुमच्या बापाला सोडं दिलं, शेट. तवा कंदी कोनी रंग नाय काढला."

"उद्यापासून तुझा माल नको," कमळाकर म्हणाला. बोलताना त्याचं त्यालाच वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

तिसऱ्या खेपेसाठी त्याने गुणाबाई नावाच्या दुसऱ्या कोळणीकडून माल घेतला आणि घरामागच्या वखारीत पांढऱ्या चादरीवर ओतला. मग स्वतः मांडी घालून बसला. मूठ मूठ सोडे परातीत घ्यायचे, उजेडाकडे धरायचे, हुंगायचे आणि मग पोत्यात टाकायचे. कमरेचा काटा ढिला झाला. अंगाला असा वास मारायला लागला की मांजरं मागे फिरू लागली. हमालाला त्याने आत पाऊल टाकू दिलं नाही. पोती स्वतः भरली, दाभण घेऊन स्वतः शिवली, कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली घेऊन निजला.

गोदूला, त्याच्या बायकोला, हे सगळं बघवत नव्हतं. धंद्यात ती पडत नसे. पण नवरा ताटावरून अर्धपोटी उठतो, झोपेत "तांदूळ, तांदूळ" करतो, हे तिला दिसत होतं.

"होईल सगळं नीट," एवढंच ती म्हणायची, आणि तो वसकन अंगावर जायचा.

सकाळी लॉरी आली. पोती चढली. कमळाकरने प्रत्येक पोतं चारी बाजूंनी न्याहाळलं. कुठे डागाचा ठिपका नव्हता. लॉरी मुंबईच्या रस्त्याला लागली तेव्हा तो ओटीवर येऊन बसला आणि कितीतरी दिवसांनी त्याने स्वतःहून पोहे मागितले.

"या वेळेला बोट ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "एकूण एक सोडा माझ्या हाताखालून गेलाय."

"पास होणारच," गोदू म्हणाली.

"तुला गं काय ठाऊक?"

गोदू जरा घुटमळली. मग बशी त्याच्यापुढे ठेवून तिथेच टेकली.

"रागावणार नसाल तर सांगते. माल समुद्रापार जायचा आणि त्याची साधी पूजा नाही, हे माझ्या मनाला पटेना. पण पोत्याला डाग चालत नाही म्हणालात. म्हणून मागच्या दोन्ही वेळेला, तुम्ही आंघोळीला गेलात तशी, एकेक टाका सैल करून अक्षता आतच घातल्या, दुसऱ्या वेळेला हळदकुंकूही. वरून काही दिसायला नको."

कमळाकरचा घास तोंडातच राहिला.

"पण तेव्हा घाई झाली हो, जेमतेम निम्मी पोती झाली. म्हणूनच यश आलं नाही," गोदू म्हणाली. "आज उशाखालची किल्ली घेऊन पहाटेच गेले. एकही पोतं सोडलं नाही."