एक इंच

"एक इंच कापा," मास्तर म्हणाले. "डोळे मिटून कापा. माझा शब्द आहे."

कृत्रिम पाय बसवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. पंधरा दिवस तात्पुरत्या नळीवरचा पाय वापरून झाला होता, आज पायाची पक्की धातूची नळी मापाने कापायची होती. आणि एकदा कापली की कापली. धातू म्हणजे काही कापड नव्हे, वरून जोड लावायला.

पण मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं गळ्यात टेप. त्यांच्या मापात चूक काढायची कुणाची छाती नव्हती. कोट आवळायला लागला तर गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असायचं, सैल झाला तर गिऱ्हाईक आजारी. उजवा, जुना लाकडी पायसुद्धा त्यांनी स्वतःच्या मापाने करून घेतला होता. तीस वर्षांपूर्वी अपघातानंतर खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी टेप लावली आणि सुताराला आकडे सांगितले. सुताराने फक्त रंधा मारला, असं ते अजून सांगायचे. त्या पायाने कंबर तीस वर्षं दुखत होती, पण तो दोष स्टुलाचा. गेल्या महिन्यात दुकानाच्या जिन्यावरून ते गडगडत खाली आले, तर म्हणे चौथी पायरी चुकीची बांधलीय.

तेव्हा मुलाने निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, नवा पाय बसवा. कठड्याला हात न लावता, कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढलात तर दुकान तुमचं. नाहीतर या महिन्याला शटर खाली."

मास्तर वरून गुरगुरले, पण आतून पार हबकले होते. दुकान गेलं तर दिवसभर घरात बसून करायचं काय? पडद्यांची मापं घ्यायची?

"मास्तर, हे बघा," बाई म्हणाल्या. यंत्राची लाल रेघ मास्तरांच्या कमरेवर दोन्हीकडे सारखी पडली होती. "केसाचाही फरक नाही."

"यंत्राने कधी पँट शिवलीय का? आरशात बघा."

बाईंनी पाहिलं. मुलानेही पाहिलं. पँटचा डावा काठ बुटावर नीट टेकला होता. उजवा चांगला इंचभर वर, खालून मोजा डोकावत होता.

"दोन्ही बाजू मी एकाच मापाने कापल्यात," मास्तर म्हणाले. "माझ्या सगळ्या पँटी अशाच. जुन्या पायावर दोन्ही काठ तीस वर्षं एका रेषेत पडायचे. आता हा वर गेला. मग वाढलं काय, सांगा बरं? पाय!"

हिशेब बिनतोड होता. मुलगा डोकं खाजवायला लागला.

कोपऱ्यातल्या बाकावर मास्तरांची बायको बसली होती. दुकानात कापणं आणि मशीन मास्तरांचं, काजं-बटणं आणि काठाची हातशिलाई तिची. एरवी ती दोघांच्या वाटचं बोलायची, पण आज आल्यापासून नुसती पिशवीचा बंद सोडत होती आणि बांधत होती.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, मास्तर?" बाई म्हणाल्या. "चढून दाखवा."

सरावाच्या सहा पायऱ्या भिंतीला लागून होत्या. मुलाने घोंगडीची गुंडाळी बापाच्या खांद्यावर दिली. मास्तर चढले. कठड्याला बोट लागलं नाही, दम लागला नाही, चौथ्या पायरीनेसुद्धा काही आगळीक केली नाही. वर पोचून ते वळले तेव्हा स्वारी लहान पोरासारखी हसत होती.

"बाबा, चढलात की हो!" मुलगा ओरडला.

"चढलो," मास्तर म्हणाले, आणि त्यांची नजर पुन्हा आरशाकडे गेली. हसू मावळलं. "पण लांब पायावर चढलो. एक इंच कापा, नाहीतर हा पाय मला नको. चुकीचं माप मी जन्मात दुकानाबाहेर जाऊ दिलेलं नाही."

मुलाने हात जोडून पाहिले. बाईंनी समजावून पाहिलं. शेवटी त्याही वैतागल्या. "पाय तुमचा, हट्टही तुमचा," म्हणत त्यांनी पक्की नळी पकडीत आवळली, इंचभर आत खूण केली आणि करवत उचलली.

"थांबा हो बाई," बायको उठली.

ती मास्तरांपुढे गुडघे टेकून बसली. चष्मा लावला, पिशवीतून छोटी कात्री काढली.

"अगं, हे काय चाललंय?"

"हलू नका."

तिने उजव्या काठाचे टाके कचाकचा उसवले. आत घेतलेली जादा दुमड सुटली आणि इंचभर कापड खाली आलं. कधी ऊन न लागलेलं, नव्यासारखं गडद. ते बरोबर बुटावर टेकलं. डाव्या काठाच्या रेषेत.

बाईंनी करवत खाली ठेवली. मास्तरांनी आरशात पाहिलं, मग खाली वाकून पाहिलं, मग परत आरशात.

"ही दुमड कुणी घातली?"

"मीच. तीस वर्षं, तुमच्या एकूण एक पँटीला. नाहीतर उजवा काठ धुळीत लोळला असता." तिने सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. "तो लाकडी पायच इंचभर आखूड होता हो."

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपेकडे गेला आणि तिथेच राहिला. "म्हणजे माझं... मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा तुमचा पाय गेला होता," ती म्हणाली. "म्हटलं, माप तरी राहू दे."