काचेचं माप

काचेतला तडा केसाएवढा बारीक होता, पण उन्हाने काच तापली की तो बोटभर पुढे सरकायचा. तिने नगरपंचायतीच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरला, त्याच संध्याकाळी खिडकीवर दगड आला. गावभर काचा बसवणाऱ्या नवऱ्याने घरच्या खिडकीला मात्र नुसती चिकटपट्टी लावली होती. बाकीच्या उमेदवारांनी माघार घेतली; सध्याच्या अध्यक्षांविरुद्ध आता ती एकटीच उरली होती. “वहिनी, निवडणूक बिनविरोध झाली तर लोकांची उन्हातली रांग वाचेल,” दीर म्हणाला. कोणीच हसलं नाही. माघारीची मुदत आज दुपारी संपणार होती. “काच कधी बदलणार?” तिने नवऱ्याला विचारलं. “तू उभी राहणार असशील, तर बदलून काय उपयोग?” तो खाली बघत म्हणाला. खिडकीखाली लेक चिकटपट्टीवरून बोट फिरवत होती. तिने लेकीला जवळ ओढलं, नवऱ्याच्या हातात मोजपट्टी दिली. “माप घ्या. मी माघार घेते.”