तोंडावरचं ऊन

“चेहरे आधी,” म्हातारा म्हणाला. “कपडे मागाहून.”

तिने बुचावर चिकटवलेला शिपाई दिव्याखाली धरला. चेहरा मसुराएवढा. आधी पांढरा ठिपका, त्यात काळा, मग कडेने कातडीचा रंग फिरवून डोळा बारीक करायचा. दिवसा ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या रंगवायची, ज्याच्या त्याच्या दातांशी जुळतील अशा. संध्याकाळी पटावर लढाया खेळणाऱ्यांची चिमुकली सैन्यं. हात बसलेला होता.

हा पट मात्र खेळायचा नव्हता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या म्हाताऱ्याला टेकडीवरची एक सकाळ जशीच्या तशी हवी होती. यादवीतली. हिरवे गणवेश आपल्यांचे, करडे त्यांचे. त्या सकाळी हिरव्यांची अख्खी तुकडी टेकडीवर संपली. सगळ्यांची प्रेतं मिळाली, एक सोडून. त्या एकाला शहराने पळपुटा ठरवलं. चौकातल्या स्मारकशिळेवर त्याचं नाव नाही.

तो तिचा बाप होता. तेव्हा ती रांगत होती.

आता शिळा नव्याने घडवायला घेतली होती. स्मारक समितीचं म्हणणं सरळ होतं: डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा, नाव कोरू. आईने अंथरूण धरलं होतं. “मी आहे तोवर काय ते करा,” ती म्हणायची. “नंतर कोरलंत तर मला वाचून कोण दाखवणार आहे?”

“मी तिथे होतो,” एवढंच म्हातारा पहिल्या दिवशी बोलला होता. तिला तेवढं पुरलं. हिरव्यांच्या दुसऱ्या तुकडीतून मदतीला आलेला असेल, असं तिने धरलं. पट पुरा झाला की समितीपुढे येईन, असा त्याने शब्द दिला. आपण कोणाची मुलगी, हे तिने सांगितलं नाही. आईनेच बजावलं होतं. “कळलं तर तुझ्याकडे बघून बोलेल. मला गोड नको, खरं हवं.”

“काका, ऊन कुठून होतं?” तिने विचारलं.

“समोरून. सगळ्यांनी डोळे बारीक केलेले.”

तिने गणवेशांच्या चुण्यांत पातळ काळपट रंग सोडला. तो सुकल्यावर कोरड्या ब्रशने छातीकडच्या कडा उजळल्या. पाठी सावलीत ठेवल्या. म्हातारा रोजच्या स्टुलावर, पटाच्या पलीकडे बसला होता. शिपायांची तोंडं त्याच्याकडे. त्याच्या बाजूला नुसते खडक. करड्यांचा एकही शिपाई त्याने आणला नव्हता. करड्या रंगाची बाटली तेवढी आणली होती. ती खडकांसाठी असेल असं समजून तिने खडक रंगवून टाकले होते.

एकेक चेहरा तो सांगत गेला. याची भुवई मधोमध तुटलेली. याला मिसरूड फुटत होतं. हा हसतोय असं वाटायचं, पण हसत नव्हता, दात पुढे होते.

“आज असता तर तुझं गिऱ्हाईक झाला असता,” म्हातारा म्हणाला.

“दात इथे तरी नकोत, काका. पाठीवर काय होतं यांच्या? पिशव्या? पाण्याच्या बाटल्या?”

“पाठीवरचं नाही आठवत.”

“मिसरूड आठवतं आणि एवढी मोठी पिशवी नाही?”

“माणसाला तोंडं आठवतात, पोरी.”

तिला ते पटलं. पिशव्या तिने अंदाजाने रंगवल्या.

शेवटी एकच शिपाई उरला. म्हाताऱ्याने तो बराच वेळ बोटांत फिरवला.

“याची बंदूक डाव्या खांद्याला हवी.”

तिचा ब्रश थांबला. साच्यातून येणारे सगळे शिपाई उजवे असतात. तुकडीत डावखुरा एकच होता. आई त्यावरून बापाच्या फोटोला अजून चिडवायची. तिने पातं घेतलं, शिपायाची बंदूक कापून काढली आणि दुसऱ्या खांद्याला चिकटवली. सांधा जरा वाकडा बसला. असं तिच्या हातून कधी होत नसे.

“हा काय करत होता?” आवाज होईल तितका सपाट ठेवून तिने विचारलं.

“बाकीचे आडवे झाले होते. पुढे खडकांपाशी एक पोरगा पडून कण्हत होता. हा त्याला उचलायला उठला. बंदूक खांद्याला अडकवलेली, हात मोकळे.”

“पळाला नाही?”

“पळायचं तर मागे. हा पुढे आला. पार खडकांपर्यंत.”

“मग प्रेत का मिळालं नाही?”

“तिथेच पुरलं. खाली, खडकांपाशी. वर टेकडीवर शोधणाऱ्यांना कसं मिळणार?”

तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि उगाचच ढवळत राहिली. आत आईची खाट करकरली. ती जागी होती, ऐकत असणार.

“हे समितीपुढे असंच सांगाल?”

“असंच.”

“ऐनवेळी फिरायचं नाही, काका.”

“या वयात फिरून जाऊ कुठे?”

तिने बापाचा चेहरा रंगवला. उन्हाने बारीक झालेले डोळे, कपाळावर उजेड. मग त्याला सगळ्यांच्या पुढे, खडकांजवळ उभं केलं. म्हातारा खाली वाकला. हनुवटी पटाला लागेपर्यंत वाकला आणि एक डोळा मिटून बघत राहिला.

“असाच दिसत होता,” तो म्हणाला.

तिने नाक पुसलं. तुकडीच्या मागच्या कडेला तिने पहिल्या दिवसापासून एक जागा मोकळी ठेवली होती.

“आता तुम्हीच राहिलात,” ती म्हणाली. “या इथे ना?” आणि हिरव्या रंगाची बाटली हलवून तिने झाकण उघडलं.

म्हाताऱ्याने खिशातून एक न रंगवलेला शिपाई काढला. पालथा पडून बंदूक रोखलेला. तो त्याने पटाच्या आपल्या बाजूला, खडकांमागे, तिच्या बापाच्या बरोबर समोर ठेवला.

“हिरवा नको,” तो म्हणाला. “करडा घे.”