सात दिवसांपुरता आवाज

"सूज!" एकाईबुवांनी गोळ्यांची पुडी सुनेच्या अंगावर परत टाकली. "स्वादुपिंडाला सूज म्हणे! कॅन्सर झालेल्या तुझ्या सासूला मी हेच सांगत होतो, ती जाईपर्यंत. डॉक्टरांनीच पढवलं होतं मला."

मित्सुयोने वाकून पुडी उचलली. "बाबा, खरंच सूज आहे. डॉक्टर हिराबायाशी म्हणाले, एक दिवसही गोळी चुकवायची नाही."

"तुला आधी एकटीला आत बोलावलं की नाही त्यांनी?"

"बोलावलं. गोळ्यांवर लक्ष ठेव म्हणाले."

"सुजेसाठी सुनेला एकटीला बोलावतात होय? माझे डोळे पिवळे झालेत गं, आंधळे नाही झाले."

ज्या माणसाने पन्नास वर्षं मात्सुमोतोच्या पंचक्रोशीत गाऊन प्रवचनं केली, ऐकणाऱ्यांना हसवता हसवता रडवलं, त्याला शब्दांत गाठणं सोपं नव्हतं. अंगाला खाज सुटली होती, कपडे सैल झाले होते. पण गुरूंच्या पुण्यतिथीचा सप्ताह तोंडावर आला होता आणि सातही दिवस आसनावर आपणच बसणार, हा हेका कायम होता.

"मरणाला म्हणावं, दारात थांब. आधी आमिदा बुद्धांचं नाव पोटभर गाऊ दे. पण खोट्याची गोळी मी गिळणार नाही!"

चार दिवस हेच चाललं. लघवी काळपट झाली, आवडतं मिसोचं सूपही उष्टं राहू लागलं.

पाचव्या सकाळी मित्सुयो त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली. तिने कपाळ चटईला लावलं.

"चुकले, बाबा. कॅन्सर आहे."

बुवांचा चेहरा एकदम खुलला. "शाबास! या घरात कुणीतरी तोंडावर बोललं एकदाचं. अन् या गोळ्या?"

"सप्ताहापुरत्या. आवाज टिकावा म्हणून."

"मग आण की इकडे! बघतेस काय?"

सातही दिवस बुवा कडाडले. "मी चाललोय, मंडळी, पण गात गात चाललोय!" असं ते म्हणाले की सगळा मंडप 'नामु आमिदा'च्या गजराने दणाणून जाई. म्हाताऱ्या बाया पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसत. सप्ताह संपला, तरी गोळी सुटली नाही. आवाज लागलाय तर कशाला सोडा? भूक परतली, तीही त्यांनी नामाच्या खात्यात टाकली.

महिन्याने तपासणी. बाहेरच्या बाकावर बुवा चार रोग्यांना गोळा करून मरणाची टिंगल करत होते. आत डॉक्टरांनी मित्सुयोला एकटीलाच बोलावलं होतं.

"सगळ्या गोळ्या घेतल्या त्यांनी?" डॉक्टरांना खरं वाटेना. "पुडी फेकत होते ना? तयार कसे झाले?"

मित्सुयोने दार नीट लोटून घेतलं.

"मी खोटं बोलले, डॉक्टर. कॅन्सर आहे म्हणून सांगितलं."