तुटाळ

"दहावं कार्ड," संयोगिता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चित्र ज्ञानूसमोर धरलं. "काका, हे शेवटचं. काय आहे हे?"

ज्ञानूने कपाळावरचा घाम पुसला, डाव्या हाताने. उजवा हात तीन महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका आला तेव्हापासून मांडीवर नुसता पडून होता. वाचाही त्याच दिवशी गेली. सांगलीच्या या दवाखान्यात पहिल्यांदा आणलं तेव्हा त्याच्या तोंडून फक्त 'च्यायला' निघायचं, आणि तेही नको तिथे. आता जरा सुधारणा होती. आजच्या नऊ कार्डांत गाय, कप, चप्पल आणि घड्याळ अशी चार त्याला सांगता आली होती. पाच झाली तर बोलण्याचे उपचार पुढे चालू, नाहीतर ही वेळ दुसऱ्या पेशंटला. मॅडमनी आधीच तसं सांगून टाकलं होतं.

त्याची बायको राहीबाई भिंतीकडेच्या स्टुलावर तोंड मिटून बसली होती. घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही, असा इथला नियम. गाईच्या वेळी तिने हळूच हंबरून पाहिलं होतं आणि बोलणी खाल्ली होती.

चित्रात फुलझाडांची रांग होती. ज्ञानूची सगळी हयात दुसऱ्यांच्या मळ्यात रोपं लावण्यात गेलेली. त्याच्या डोळ्यांना त्या रांगेत एकच गोष्ट दिसली. शब्द घशापर्यंत आला, अडला, पुन्हा मागे गेला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. आणि मग कितीतरी दिवसांनी एक अख्खा शब्द धडपणे बाहेर पडला.

"तुटाळ."

त्याने विजयाने राहीबाईकडे पाहिलं.

"नाही, काका. असा शब्द नसतो. नीट बघा. बा…"

"तुटाळ!"

"बाग. सोपं होतं की." मॅडमनी पत्रकावर शून्य टाकलं आणि राहीबाईला समजावलं, "अशा पेशंटना अर्थ नसलेले शब्द सुचतात. त्यांचा दोष नाही हो."

ज्ञानूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायचं पुष्कळ होतं. बाहेर पडलं ते "च्यायला!" एवढंच, आणि या वेळी ते अगदी जागेवर होतं.

राहीबाई उठली. "म्याडम, तुमचा नियम ऱ्हाऊ द्या बाजूला. रांग बघा की. चार झाडं हिकडं, तीन तिकडं, आन् मधी जागा मोकळी. एक रोप न्हाई तितं. त्यालाच तुटाळ म्हन्त्यात."

मॅडमनी कार्ड जवळ घेतलं. खरंच, मधलं एक झाड झेरॉक्समध्ये उडालं होतं. दोन वर्षं हे कार्ड त्या रोज पेशंटना दाखवत होत्या.

"रोपं लावली की आठ-धा दिसांत येखादं मरतंच," राहीबाई सांगत राहिली. "तितं लगीच दुसरं लावून तुटाळ सांधायची. उशीर केला तर शेजारची वर जात्यात आन् नवं सावलीत कुजतं. म्हनून लावणीदिशीच बांधाकडंला चार रोपं जादा लावून ठेवायची. सगळं ह्येंनीच शिकवलंय मला."

"पण काकू, माझ्या यादीत 'बाग' आहे. मी काय करू?"

ज्ञानूने डावा हात पुढे केला आणि मॅडमच्या बोटांतली पेन्सिल ओढून घेतली. कार्ड मांडीवर घेऊन, उजव्या हाताच्या ओझ्याखाली दाबून धरलं. पेन्सिल दोनदा घसरली. मग मोकळ्या जागेत एक वाकडी काडी उभी राहिली, तिला दोन पानं आली.

"सां… सांध… सांधली."

 मॅडमनी पेन्सिल मागून घेतली, पत्रकावरचं शून्य खोडलं आणि पेन्सिल पत्रकावर तशीच धरून राहीबाईला विचारलं, "काकू, काय म्हणालात तो शब्द? पुन्हा सांगा."

"मला काय इचारता?" राहीबाई परत स्टुलावर जाऊन बसली. "त्यांला इचारा. बोलत्यात की ते."