मामाची शिट्टी
आमच्या बेटावर रग्बीचा सराव वाळूच्या टेकडीवर चालायचा आणि नियम आमचा प्रशिक्षक विलीकेसामामा याचा: चढताना एकजण जरी थांबला, तरी शिट्टी वाजणार आणि सगळा संघ पायथ्यापासून पुन्हा चढणार. “दमलात? मग घरी बसून चटया विणा!” तो ओरडायचा. मासेमारीला गेलेला त्याचा मुलगा, आमचा कप्तान आपिसाई, बुडाला. बेटाच्या रिवाजाप्रमाणे चटईत गुंडाळलेली शवपेटी खांद्यावर घेऊन आम्ही त्याच टेकडीच्या माथ्यावरच्या दफनभूमीकडे निघालो. पुढचा खांदा मामाचा. अर्ध्यावर त्याचे पाय लटपटले, तो थांबला. गळ्यातली शिट्टी त्यानंच फुंकली. “मामा, आज राहू दे ना,” मी म्हणालो. “मी थांबलो म्हणून नियम बदलला काय रे? फिरा खाली!” आम्ही उतरलो, पुन्हा चढलो. खणलेल्या खड्ड्याजवळ मामा पुन्हा थांबला. या वेळी त्याचे पाय लटपटत नव्हते. शिट्टी त्यानं आधीच ओठांत धरली होती.