पानं उठेपर्यंत

लुडविकनं ट्रॅक्टर थेट काचघराच्या दारासमोर उभा केला आणि लोखंडी साखळी खाली टाकली.

पोलोना अंगणातून जवळजवळ धावतच आली. तिच्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. ते कशानं सुजलं, हे धाकट्या दिरानं विचारलं नाही. अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"भावजी, दुपारपर्यंत थांबा."

"मला कशाला मध्ये घालतेस, वहिनी? दादाचा हुकूम आहे. काल गुत्त्यात सगळ्यांसमोर म्हणाला, सकाळी ये आणि ओढून पाड." लुडविकनं इकडंतिकडं पाहिलं. "आहे कुठं स्वारी?"

"रात्री आला, आदळआपट केली आणि बाहेर पडला. पसरला असेल कुणाच्या तरी गोठ्यात."

"म्हणजे नेहमीचंच," लुडविक हसला.

काचघर म्हणजे जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून उभी केलेली खोली. आत ना शेगडी, ना दिवा. तरी भर जानेवारीत पोलोना त्यातून मोटोविलेत्स काढायची, ती बोटभर पानांची कच्ची खायची भाजी, आणि शनिवारी प्तुय शहराच्या बाजारात नेऊन विकायची. त्या घरात तिचं म्हणावं असं एवढंच होतं. नवऱ्याला, सिरिलला, नेमकं तेच खुपायचं. तिच्या कोंबड्या त्यानं उन्हाळ्यातच कापून टाकल्या होत्या. असा नवरा देवानं वैरिणीलाही देऊ नये.

"बरं, भाजी काढून घे. तेवढं थांबतो."

"आत्ता कशी काढू? पानं गोठून आडवी झालीत. गोठलेल्या पानाला बोट लागलं की ते काळं पडतं. दुपारी ऊन चढलं की आपली आपण उठून बसतात. तुमच्या आईनंच शिकवलंय मला."

आईचं नाव निघाल्यावर लुडविक नरमला. लहानपणी ऐन थंडीत सकाळी हेच दार उघडलं म्हणून त्यानं तिच्या हातचा सडकून मार खाल्ला होता.

"दारसुद्धा उघडायचं नाही," तो म्हणाला. "गार वारा आत शिरतो."

"तेच म्हणते मी."

तावदानं आतून हिमानं पांढरी झाली होती. बाहेर बर्फ साचला होता, पण दारापर्यंतची वाट पोलोनानं लख्ख झाडून ठेवली होती.

"पाडायच्या घरापुढं कसली गं झाडलोट?"

"सवय, भावजी. चला, आत बसा. गारठाल."

स्वयंपाकघरात तिनं त्याच्यापुढं पाव, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि घरच्या आलुबुखारांची दारू ठेवली. दोन पेले पोटात गेल्यावर लुडविकला भावाची आठवण झाली. तो उठला.

"बघून येतो. गोठ्यात नसला तर? थंडी मरणाची आहे."

"या बघून. अजून पाडलं का नाही म्हणून पहिली लाथ तुम्हालाच बसेल."

लुडविक खाली बसला. पोलोनानं पेला भरला.

"वाईट वाटतं गं, वहिनी. पण त्याच्यापुढं माझं काय चालतंय?"

"काही नाही. माझंही चालत नाही."

चर्चची दुपारची घंटा झाली तेव्हा लुडविक स्वतःच टोपली घेऊन निघाला. वहिनीला तेवढी तरी मदत करावी, असं त्याच्या मनात आलं. तिनं थांबवायला तोंड उघडलं, पण आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं बाहेरची कडी काढली आणि दार ढकललं.

पानं सगळी उठली होती, हिरवीगार, टवटवीत. दोन वाफ्यांच्या मध्ये सिरिल पालथा पडला होता. अंगात नुसता सदरा, उशाशी कुऱ्हाड, आणि मागच्या बाजूचं फुटलेलं एकच तावदान.

टोपली टाकून लुडविकनं त्याला उताणं केलं आणि छातीला कान लावला.

"श्वास चालू आहे!" तो ओरडला. "वहिनी, जिवंत आहे! डॉक्टरला बोलाव!"

पोलोना उंबऱ्यातच उभी राहिली. दिराला आणखी तासभर बसवून ठेवायला हवं होतं, एवढंच तिला वाटलं.